उद्यमनगरातली एफसी

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी
हत्यारांची पूजा झाली. आज पाना-हातोडा उचलायचा नाही असा या शेडचा नेम आहे, म्हणून दिवस मोजमापात आणि नोंदींत गेला. बरंच झालं. खोलण्याआधी गाडी नीट बघून घ्यायलाच हवी होती.

महिंद्रा एफसी-१५०. गडहिंग्लजजवळच्या एका गुऱ्हाळाच्या आवारात कित्येक पावसाळे उभी होती. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चासी जीपच्याच घराण्यातली, पण चालक इंजिनामागे न बसता पुढच्या एक्सलवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मध्ये, केबिनच्या आत, पत्र्याच्या झाकणाखाली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ८१ इंच, आणि हौदा तब्बल ७४ इंच. एवढ्या आखूड गाडीवर एवढा हौदा मांडायचा तर चालकाला पुढे सरकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मिलवॉकीच्या ब्रूक्स स्टीव्हन्सने हा आकार रेखाटला, विलीजने १९५६च्या अखेरीस अमेरिकेत ती गाडी आणली आणि १९६५मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्याच सुमाराला महिंद्राने ती आपल्याकडे हाती घेतली. पुढे याच वंशातल्या लांब गाड्या मिनीबस म्हणून गावोगाव धावल्या. त्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. हा आखूड, चारही चाकं ओढणारा पिकअप मात्र आता क्वचितच दिसतो.

आजची अवस्था: केबिनची जमीन चालकाच्या पायाखाली पूर्ण गेलेली. डाव्या दाराची खालची वीतभर पट्टी नाही. हौद्याच्या तळाला भोकं, त्यांवर फळ्या ठोकलेल्या. फाळका सरळ आहे, बिजागऱ्याही शाबूत. पुढची काच अखंड आहे, हे सगळ्यात मोठं दैव. इंजिन मूळचं नाही, डिझेल बसवलेलं आहे.

२ नोव्हेंबर
केबिन चासीवरून उतरवली. सहा जणांनी उचलली, पण आधी आतून लाकडी आडवे दांडे ठोकून तिला ताण दिला. जमीन नसलेली केबिन उचलली की दारांच्या चौकटी वाकतात, आणि एकदा वाकल्या की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

चेनकुप्पीने डिझेल इंजिन बाहेर काढलं. ते कुणी आणि का बसवलं असेल याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि आपल्याकडच्या जुन्या जीपांमध्ये ट्रॅक्टरचं, टेम्पोचं, मिळेल ते डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. त्यामुळेच कित्येक गाड्या कामाला राहिल्या. नाहीतर पहिल्या दहा वर्षांतच भंगारात गेल्या असत्या. पण या गाडीत जड इंजिनाचा सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो, कारण चालक, केबिन, इंजिन सगळं तिथेच. पुढचे पाटे उलटे वाकले आहेत आणि केबिनच्या बैठकीला डाव्या अंगाला चीर गेली आहे. डिझेलची थरथर तिथे साठत गेली असणार.

मिस्त्री म्हणाले, “सर, पेट्रोलचं इंजिन घाला परत. गाडीचं वजन जाग्यावर येईल, मग बाकीचं आपसूक बसतंय.”

माझंही तेच मत होतं, पण माझं कारण पुस्तकी होतं. मूळचं ते मूळचं, एवढंच. त्यांचं कारण पाट्यांतून आलेलं होतं आणि ते जास्त खरं आहे.

१९ नोव्हेंबर
मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे मोडीत काढलेल्या जीपचं हरिकेन इंजिन मिळालं. क्रँक फिरतो, ब्लॉकला तडा नाही. आर.सी.वर इंजिन बदलाची नोंद करून घ्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते येतं. कागद आत्तापासूनच गोळा करतोय, शेवटी धावाधाव नको.

हे काम हाती घेतल्यापासून एक गोष्ट रोज पटते. या गाडीचं जे नजरेआड आहे ते सगळं मिळतं. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, मागचा एक्सल: जीपच्या घराण्यात हे इतकी वर्षं बनत राहिलं की पुण्याच्या जुन्या बाजारापासून मिरजेपर्यंत कुठे ना कुठे सापडतंच. पण जे नजरेला दिसतं, म्हणजे केबिनचा पत्रा, दारं, काचेचं रबर, इंजिनावरचं झाकण, ते कुठेच नाही. गाडी दुर्मीळ आहे म्हणतात ते तिच्या कातडीपुरतंच. त्यामुळे पैसे आणि वेळ कुठे जाणार हे आत्ताच ठरून गेलं आहे.

६ डिसेंबर
मागचं हौसिंग उघडलं. क्राउनचे दात मोजले ४३, पिनियनचे ८. म्हणजे ५.३८. दात सगळे चांगले, फक्त पिनियनचं सील गेलेलं.

पुढचा एक्सल जास्त त्रासाचा. चाक वळतं तिथे पोकळ गोळ्यात सांधा बंद असतो आणि त्याभोवती फेल्टची पट्टी. ती पट्टी सुकली की आतलं ग्रीस बाहेर, बाहेरचं पाणी आत. दोन्ही किंगपिनांच्या बेअरिंगमध्ये गंजाचे खड्डे निघाले. नवीन बसवून, खालीवर पातळ पत्रे घालून ताण जुळवला. मिस्त्री वजनकाट्याचा आकडा स्टिअरिंगच्या हाताला अडकवून ओढतात आणि किती ओढीला सांधा हलतो ते वाचतात. कारखान्याच्या पुस्तकात हीच रीत दिली आहे. मिस्त्रींनी ते पुस्तक कधी पाहिलेलं नाही. त्यांना ही त्यांच्या वस्तादाने शिकवली.

२८ डिसेंबर
ब्लॉक बोअरिंगला दिला होता, तो आज आला. मूळ बोअर ३.१२५ इंच. वरच्या टोकाला झीज जास्त, खाली कमी, म्हणून ३० थाऊ (हजारांश इंच) वाढवून घेतलं. क्रँक १० थाऊ ग्राइंड झाला. तीनच मेन बेअरिंगवर चालणारं इंजिन आहे, त्यामुळे मधल्या बेअरिंगच्या बाबतीत तडजोड करायची नाही.

या इंजिनाची रचना आज शेडमधल्या पोरांना उघडून दाखवली. त्यांनी असं कधी पाहिलेलं नव्हतं. हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व वर हेडमध्ये आहे, आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व खाली असत आणि ताकद ६० अश्वशक्ती मिळे. विलीजमध्ये बार्नी रूस या इंजिनिअरच्या काळात खालचा ब्लॉक बहुतांशी तसाच ठेवून फक्त आत घेणारा व्हॉल्व वर नेला आणि मोठा केला. आकारमान तेच, २.२ लिटर, पण ताकद सत्तरीच्या पुढे गेली. हाताशी असलेल्या यंत्रांवर, जुन्याच साच्यातून जास्तीची ताकद काढायची, ही रीत आपल्या उद्यमनगरला अनोळखी नाही. इथल्या ऑइल इंजिनवाल्यांनी जन्मभर हेच केलं.

इंजिन उंच झालं म्हणून जीपचं बॉनेटही उंच झालं. सीजे-३बी म्हणतात ती उंच नाकाची जीप, जी आपल्याकडे पुढे कितीतरी दशकं बनत राहिली. मला हे इंजिन मिरजेला मिळालं ते त्यामुळेच.

१४ जानेवारी २०२४
आज संक्रांतीच्या आधीचा रविवार, शेडमध्ये मी आणि मिस्त्री दोघंच. ट्रान्सफर केस टेबलावर.

दोन दांडे आहेत. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो बदलतो. दोन्हींच्या रुळांमध्ये एक छोटीशी गोळी आहे, तिच्यामुळे पुढची चाकं जोडल्याशिवाय लो लागतच नाही. लोमध्ये ताकद २.४६ पट वाढते. ती सगळी एकट्या मागच्या एक्सलवर टाकली तर शाफ्ट तुटेल, म्हणून ज्याने हे केलं त्याने चालकाच्या हाताला विचारलंच नाही, लोखंडातच मनाई घालून ठेवली. आमच्या केसमध्ये ही गोळी नव्हती. कधीतरी दुरुस्तीत हरवली आणि नंतरच्यांनी तशीच बंद केली असणार. लेथवर नवी करून घेतली, मग कडक केली.

मधल्या गिअरचा शाफ्ट झिजलेला, सुईसारखे रोलर बदलले, दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वायसर नवीन. तेल इथून गळतं, आणि गिअरबॉक्समधलं तेल इकडे नि इकडचं तिकडे जातं. त्यामुळे पातळी दोन्हीकडे बघायची, एकीकडे बघून समाधान मानायचं नाही.

१८ फेब्रुवारी
पत्र्याचं काम सुरू होऊन बरेच दिवस झाले, आणि आता कुठे केबिनला केबिनचं रूप येतंय.

डेंटर म्हणजे साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते पत्रा कापण्याआधी पुठ्ठा कापतात. पुठ्ठा चाकाच्या कमानीवर धरायचा, दाबायचा, खडूने रेघ मारायची, पुन्हा कापायचा. या केबिनला एकही सरळ कोपरा नाही. चालकाचे पाय चाकाच्या कमानीच्या पुढे जातात, त्यामुळे जमिनीचा पत्रा एकाच वेळी पुढे चढतो, बाजूला गोल होतो आणि मध्ये इंजिनाच्या झाकणाशी मिळतो. ही जमीन तीन तुकड्यांत करायची की एका, यावर त्यांनी एक अख्खी दुपार नुसता विचार केला. मी मध्ये बोललो नाही.

शेवटी म्हणाले, “तीन तुकडं करूया. कंपनीनं बी तीनच केल्यात. जोड कुठं घ्यायचा ते त्येनी ठरवून ठेवलंय, आपण कशाला नवीन शहाणपण करायचं?”

खरंच, गंजून गेलेल्या कडेला जुन्या स्पॉट वेल्डचे ठिपके ओळीने दिसत होते. त्याच रेषेवर त्यांनी नवा जोड घेतला. भरपूर लांबी (पुट्टी) भरून वरून गुळगुळीत करणं सोपं होतं, हल्ली सर्रास तेच होतं. मामांनी पत्रा हातोडीने नि वाळूच्या पिशवीवर ठोकूनच बसवला. ज्या जागी लांबी लागली ती नखाएवढ्या जाडीची. तिथे पुढे पाणी धरणार नाही, कारण पत्रा पत्र्याला लागून आहे. हे काम डोळ्यांना दिसणार नाही, जमिनीवर रबरी मॅट येणार. तरी त्यांनी जोड घासून साफ केला.

मला मनापासून वाटतं की या सगळ्या खटाटोपात खरं जपण्यासारखं काही असेल तर ते हे. गाड्या उरतील, श्रीमंत लोक त्या जपतील. पुठ्ठ्यावरून पत्रा बसवणारा माणूस मात्र एकेक करून कमी होतोय, आणि मामांच्या हाताखाली आज एकच मुलगा आहे. त्याला ते रोज एक तुकडा टाकाऊ पत्र्यावर करायला लावतात. तो तुकडा गाडीला लागत नाही, फक्त त्याच्या हाताला लागतो.

३ मार्च
इंजिनाच्या झाकणाच्या आतून अ‍ॅस्बेस्टॉसचा जुना थर होता. तोंडाला योग्य मास्क, थर पाण्याने भिजवून, सुका खरवडायचा नाही, आणि निघालेलं सगळं बंद पिशवीत. पोरांना जवळ येऊ दिलं नाही. आता तिथे सिरॅमिकचं ब्लँकेट आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आपल्या उन्हाळ्यात मांडीला लागून इंजिन आहे, हा थर चांगलाच हवा.

काचेचं रबर मापाचं मिळत नाही. जुन्याचा काप कागदावर ठेवून त्याची आकृती काढली आणि रबर ओतून देणाऱ्याला दिली.

२७ मार्च
पेट्रोलची वाट. टाकी आतून धुऊन घेतली, नळी नवी. पंपाच्या पडद्याची चिंता होती. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. १० टक्क्यांचं उद्दिष्ट देशाने २०२२मध्येच गाठलं आणि २० टक्क्यांचं पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीपासून काही पंपांवर आलं. जुन्या काळचं रबर इथेनॉलला टिकत नाही, फुगतं किंवा मऊ पडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो. आमच्याच जिल्ह्यातल्या उसातून ते बनतं, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या पंपाला ते ठाऊक नव्हतं. पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करायची नाही.

४ एप्रिल
इंजिन लागलं. प्लगची फट ३० थाऊ, पॉइंटची २०. टॅपेट थंड असताना: आत घेणारा १८, बाहेर सोडणारा १६. बाहेर सोडणाऱ्यांसाठी डाव्या बाजूने, सीट काढून, एक्झॉस्टच्या खालून हात घालावा लागतो. इंजिन केबिनमध्ये असल्याची खरी किंमत इथे कळते. दुसऱ्यांदा मारल्यावर घेतलं, आणि ऑइलचा काटा लगेच वर आला. अर्धा तास सावकाश चालवलं. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं कानाला लावून प्रत्येक सिलिंडर ऐकला. तिसऱ्याला थोडा आवाज, टॅपेट पुन्हा बघायचा.

१२ मे
रंगावरून पेंटरशी चर्चा, थोडी तापलीही. ते म्हणतात, आरशासारखी करून देतो. मी नको म्हणालो.

कारण असं. डाव्या दारावरचा वरचा हिरवा रंग घासताना खाली करडा लागला, आणि करड्यावर हाताने रंगवलेली अक्षरं: “...साखर का...” आणि खाली “सर्व्हिस”. पुढचं-मागचं गंजात गेलं. म्हणजे गुऱ्हाळावर जाण्याआधी ही कुठल्याशा साखर कारखान्याची दुरुस्तीची गाडी होती. उसाच्या फडात ट्रॅक्टर बंद पडला की फिटर आणि हत्यारं घेऊन चिखलात जाणारी. चारही चाकांचा पिकअप त्यांनी का घेतला असेल हे त्या अर्ध्या शब्दांत आहे. हे खरवडून वर चकाकता रंग द्यायचा, तर आपण काय जपलं?

ठरलं ते असं: भार वाहणारं, वळवणारं, थांबवणारं जे जे आहे ते पूर्ण भरवशाचं. नवीन पत्र्याला, हौद्याला, जमिनीला डॅशबोर्डच्या आड सापडलेला मूळ करडा रंग. डावं दार मात्र गंज थांबवून, अक्षरांसकट, वरून पारदर्शक लॅकर. पेंटरनी दार दोनदा उन्हात नेऊन पाहिलं आणि म्हणाले, “अक्षरं काढणाऱ्याचा हात चांगला व्हता.” त्यानंतर त्यांनी लॅकरचा पहिला हात स्वतः मारला, पोराकडे दिला नाही.

२०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरबदल न केलेली. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती. मला ते नको. ही गाडी कामाला जायला हवी, साधी नोंदणी नि तपासणी सांभाळत.

२ जून
ब्रेक. चारही ड्रम घासून घेतले, लायनिंग नवीन, मास्टर सिलिंडर नवीन. सगळ्या चाकांना एकच नळी आहे, ती कुठे फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या, जुनी एकही ठेवली नाही.

हँडब्रेक चाकांना नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला ड्रम आहे, तो शाफ्टला धरतो. शाफ्ट किंवा मागचा एक्सल शाफ्ट काढला की हँडब्रेक नाहीच. जॅक लावताना हे शेडमधल्या प्रत्येकाला सांगितलं आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

रिकाम्या गाडीने ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून पाहिला. मागची चाकं लगेच घसरतात, कारण वजन सगळं पुढे. अमेरिकेतल्या एफसी-१५०ला मागे चासीवर लोखंडाचं वजन बसवलेलं असे ते याचसाठी. सध्या हौद्यात, एक्सलच्या वर, वाळूची पोती बांधली. फरक लगेच कळतो.

२३ जून
राधानगरी रस्त्याला ओळखीच्यांच्या शेतात नेली. चांगला पाऊस झालेला, काळी चिकट माती, बांधावरून ओढ्याकडे उतार.

गणित आधीच कागदावर होतं: पहिला गिअर २.८, लो २.४६, एक्सल ५.३८. गुणाकार ३७. टायरची उंची ३० इंच. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर संथ चालू असेल तर गाडी मिनिटाला सुमारे ३९ मीटर सरकायला हवी, माणसाच्या चालीहून पुष्कळ सावकाश. शेतात पावलं टाकत शेजारून चाललो आणि मला थांबत थांबत चालावं लागलं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, क्लचवर नाही. ओढ्याचा चढ ती तशीच, न घसरता, एकसारख्या आवाजात चढली. मिस्त्री चालवत होते. वर आल्यावर ते खाली उतरले नाहीत, गाडी वळवली आणि पुन्हा ओढ्यात घातली. मालकीणबाई बांधावर उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “आमच्या रोपांच्या टाइमाला आना की ही, ट्रॅक्टरानं लई माती दाबतीया.” त्यांना होकार दिला आहे.

परत डांबरीवर येण्याआधी पुढची चाकं सोडवली. या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये फरक सोसणारं काही नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशोब मिटवतात, कोरड्या डांबरावर घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ गिअरमध्ये साठतो. दांडा अडकलाच तर थोडं मागे घ्यायचं, पीळ सुटतो आणि दांडा हाताने येतो. पुढे जो कोणी चालवेल त्याला हे पहिल्या दिवशी सांगायचं.

३० जून
हेडचे बोल्ट पुन्हा कसले, ६५ फूट-पौंडावर. एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, वाटेच्या आत लपलेला असतो. कार्बोरेटर काढल्याशिवाय दिसत नाही आणि बाकीचे कसून झाले की काम संपलं असं वाटतं. शेडमधल्या मुलाला तोच आधी दाखवला, मग बाकीचे. टॅपेट पुन्हा बघितले. तिसऱ्याचा आवाज गेला.

मागचं डावं व्हील सिलिंडर किंचित ओलं वाटतंय, उघडून बघायचं. स्पीडोमीटरची केबल अजून मिळालेली नाही. मिरजेत एकाकडे आहे म्हणतात. सोमवारी फोन करायचा, आणि त्याच्याकडे दाराच्या कड्या आहेत का तेही विचारायचं.